ज्या हाताला गुण होता

मुखेडकडच्या एका डॉक्टरानं मला फसवलं आणि त्याची शिक्षा माझी मुलगी भोगते आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे फसवणूक झाली नाही, असं मात्र कुणी मला सांगू नये. मी बाजारात उभी राहून पोट भरलेली बाई आहे. फसवलं कधी गेलं ते मला कळतं. या वेळी फक्त कळायला फार वर्षं लागली.

आजाराचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं त्या दिवशी मी लातूरला माझ्या मेसमध्ये कणीक मळत होते. बाजारातला भांड्यांचा धंदा सोडून मी कोचिंग क्लासच्या गल्लीत ही मेस काढली होती. क्लासमधून निरोप आला की शीतल बाकावरच कोसळली, तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलंय. शीतल माझी एकुलती एक मुलगी. तेव्हा बारावीला होती. हाताचं पीठ तसंच घेऊन मी पळत गेले.

तिथल्या डॉक्टरांनी तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि छोट्या मशीनवर बघितला. मग दुसऱ्या बोटाचा घेतला. मग म्हणाले, "शुगर चारशेच्या वर आहे. मुलीला डायबेटिस आहे."

मी म्हणाले, तुमचं मशीन बिघडलंय. त्यांनी शांतपणे दुसरं मशीन मागवलं. त्यावरही तेच. आयुष्यभर मी बाजारात समोरच्याचा आकडा खाली आणून दाखवला. हा आकडा काही खाली येईना.

त्यांनी शीतलची मान वळवून मागची बाजू बघितली. मान काळी आणि जाडसर झालेली होती, जुन्या मखमलीसारखी. "याला अकॅन्थोसिस म्हणतात," ते म्हणाले. "शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की कातडी अशी होते. हे बरीच वर्षं चालू असणार."

आम्ही सगळे त्याला मळ समजत होतो. गावाकडे गेलं की बायका तिला म्हणायच्या, अगं मान घासत जा, पोरगी असून अशी काय राहतेस. शीतल मेसमधली भांड्यांची तारेची घासणी घेऊन न्हाणीत बसायची. मान सोलून निघायची, पण काळेपणा जायचा नाही. त्या दवाखान्यातही ती मान खाली घालून बसली होती.

नंतर कळलं की तिला कितीतरी दिवस सारखी तहान लागत होती. पाणी प्यायलं की सारखं उठावं लागायचं. क्लासच्या त्या हॉलमध्ये एका बाकावर पाच पाच पोरं कोंबलेली. उठलं की सगळ्यांना उठवायचं, आणि परत येईपर्यंत जागा गेलेली. एकदा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "टाकी भरून येतेस का घरून?" हॉल हसला. तेव्हापासून तिनं सकाळी पाणी पिणंच बंद केलं. कोसळायचं हे कारण.

या वयात होणारा डायबेटिस बहुतेक टाइप वन असतो, म्हणजे इन्सुलिन तयारच होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण मान बघून त्यांना शंका आली. त्यांनी सी-पेप्टाइड नावाची तपासणी करायला लावली. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते त्यातून कळतं. रक्त बाहेरगावी जाणार होतं. रिपोर्ट येईपर्यंत मी दोन वेळचं जेवण रांधत होते, पोरांना वाढत होते, आणि कोण काय बोललं ते मला काही ऐकू येत नव्हतं.

रिपोर्ट आला. इन्सुलिन भरपूर होतं, पण शरीर ते वापरत नव्हतं. म्हणजे टाइप टू. पन्नाशीतल्या माणसांना होतो तो. डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा. तोंडावर ताबा ठेवा." हे त्यांनी शीतलकडे बघून सांगितलं. रोज इन्सुलिनची सुई, आणि सोबत गोळ्या.

आता माझ्या भावकीला बोलायला विषय मिळाला. मेसवाल्या आईची पोरगी, खाऊन खाऊन दुखणं ओढवून घेतलं. माझा सख्खा भाऊ आता नांदेडला असतो. तो भेटायला आला आणि पोरीसमोर म्हणाला, "लई लाडावून ठेवलीस हिला. आता भोग." मी त्याला दारातूनच परत पाठवला. पण बोललेलं परत पाठवता येत नाही.

मला एक गोष्ट खात होती. माझ्या मेसमध्ये शंभराच्या वर पोरं जेवायची. तेच तेल, तीच पोळी, तोच भात. काही पोरं शीतलच्या दुप्पट जेवायची आणि काटकीसारखी राहायची. माझी पोरगी त्यांच्यापेक्षा कमी जेवून लहानपणापासून फुगत गेली. असं का, हे मी प्रत्येक डॉक्टरला विचारलं. कुणी म्हणालं आनुवंशिक, कुणी म्हणालं बसून अभ्यास. आमच्या दोन्ही घरांत कुणाला साखर नव्हती. निदान कुणी तपासली तरी नव्हती.

शीतलनं मात्र कुणाला काही विचारलं नाही. तिनं मनाशी ठरवून टाकलं की हे आपल्याच खाण्यानं झालं. ती गुपचूप जेवण टाळू लागली. सुई घ्यायची आणि जेवायची नाही. मला म्हणायची, मैत्रिणीकडे खाल्लं. एक दिवस मेसमध्ये ताटं लावता लावता ती घामानं भिजली, हात थरथरले आणि भिंतीला धरून खाली बसली. शुगर इतकी उतरली होती की तिला माझं नावही सांगता येईना. याला हायपो म्हणतात. साखर वाढण्यापेक्षा ती अशी एकदम उतरणं जास्त धोक्याचं असतं, जीव जाऊ शकतो. साखरेचं पाणी पाजून दवाखान्यात नेली. असं परत झालं, आणि पुन्हा एकदा झालं. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि नांदेडला एका मॅडमकडे चिठ्ठी दिली. त्या एंडोक्रायनॉलॉजिस्ट होत्या, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींच्या डॉक्टर. तोवर आजार कळून दोनेक वर्षं झाली होती आणि मेडिकलला जायचं शीतलचं स्वप्न केव्हाच मागे पडलं होतं.

मॅडमच्या वेटिंग रूममध्ये आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. आत गेल्यावर मॅडमनी पहिल्यांदा मला गप्प बसायला सांगितलं आणि शीतलला विचारलं, जेवण का टाळतेस? शीतल म्हणाली, "कमी खाल्लं तर बरी होईन, मॅडम. माझ्याच तोंडानं झालंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिच्या जन्मापासून सांगा."

मी सांगितलं. माझं सासर लातूरकडचं, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एक. शीतल तेव्हा तीन महिन्यांची. ती आणि मी वाचलो, तिचे वडील वाचले नाहीत. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहणं. धूळ आणि मग पाऊस. लेकराला तिथेच न्यूमोनिया झाला, म्हणजे छातीत जंतूंचा संसर्ग. मदतीच्या कॅम्पमधल्या एका तरुण डॉक्टरनं तिला सलाईन लावून, औषधं देऊन वाचवलं. निळी पडलेली पोर माझ्या हातात परत दिली. त्या माणसाचे पाय मी आजही धरीन.

त्यानंतर मी माहेरी, मुखेडकडे आले. भावानं जागा दिली, पोटाचं माझं मला बघावं लागलं. मी जुन्या कपड्यांवर भांडी देत गावोगाव फिरले. मग आठवडी बाजारात पाल टाकून भांड्यांचं दुकान मांडलं, कधी मुखेडला, कधी नायगावला. शीतल माझ्या मांडीवर. तिला शिंक आली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्याकडे तेवढी एकच होती. मुखेडच्या पालाजवळच त्या डॉक्टराचा दवाखाना होता. त्याच्या हाताला गुण आहे असं सगळा बाजार सांगायचा. लांबलांबच्या बाया लेकरं घेऊन यायच्या. ताप आलेलं लेकरू त्याच्याकडे न्यायचं, तो एक सुई द्यायचा, बिननावाच्या गोळ्यांच्या पुड्या द्यायचा आणि एक बाटली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असायचा.

मॅडमनी विचारलं, "बाटलीत कोरडी पावडर असायची का? उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायची?"

मी हो म्हणाले. कधी गुलाबी, कधी पिवळी. शीतलला गोड लागायची.

"किती वेळा दिली असेल? पहिल्या दोन-तीन वर्षांत?"

मी म्हणाले, मॅडम, दर सर्दीला. पावसाळ्यात तर एक बाटली संपली की दुसरी. बरं वाटलं की उरलेली ठेवायची आणि पुढच्या खोकल्याला तीच काढायची. आमच्याकडे सगळेच असं करत.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहिते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या आईला ते उपयोगी पडेल.

बाटलीतलं ते औषध बहुतेक अँटिबायोटिक. अँटिबायोटिक म्हणजे रोगाचे जंतू मारणारं औषध. लहान मुलांची साधी सर्दी, खोकला, ताप बहुतेक वेळा व्हायरसमुळे असतो. व्हायरसवर हे औषध चालत नाही. तो ताप आपला आपण तीन-चार दिवसांत जातो.

"तुम्ही दवाखान्यात कधी न्यायच्या?" मॅडमनी विचारलं.

दोन दिवस घरी बघून, मी म्हणाले.

"मग औषध दिलं नसतं तरी तेव्हाच उतरला असता."

म्हणजे जाणाऱ्या तापाच्या पुढे उभं राहून त्या माणसानं हातगुणाचं नाव कमावलं होतं. बाजारात असली युक्ती मी रोज बघते. तिथे मला कुणी गंडवू शकलं नसतं.

मॅडम पुढे म्हणाल्या, आपल्या आतड्यांत असंख्य बारीक जिवाणू राहतात. त्यांना मायक्रोबायोम म्हणतात. लेकरू जन्मलं की पहिल्या दोन-तीन वर्षांत ही वस्ती पोटात बसते. अन्नातून किती ताकद काढायची, चरबी कशी साठवायची, इन्सुलिनला शरीर कशी दाद देतं, यात त्या वस्तीचा हात असतो. अँटिबायोटिक वाईट जंतूंबरोबर यांनाही मारतं. वस्ती पुन्हा बसते. पण बसायच्या काळातच ती परत परत मोडली, तर कशी बसेल ते सांगता येत नाही.

हे मला समजवायला त्यांना चित्र काढावं लागलं नाही. आमचं गाव मोडल्यावर दुसरीकडे नवं बसवलं. घरं पक्की, रस्ते सरळ रेघेत. पण कुणाच्या शेजारी कोण ते बदललं आणि शेतं लांब पडली. माणसं तीच असून ते गाव पूर्वीसारखं कधी चाललं नाही.

मी विचारलं, म्हणजे हिचा डायबेटिस त्या बाटल्यांनी झाला?

"तसं मी लिहून देऊ शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "लहानपणी वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत पुढे वजन वाढण्याचा संबंध दिसतो. उंदरांत जास्त स्पष्ट दिसतो. पण एका मुलीकडे बोट दाखवून हेच कारण, असं कुणालाच सांगता येणार नाही. आनुवंशिकता असेल, झोप, बसणं, ताण असेल. कॅम्पमध्ये जे दिलं ते तर द्यायलाच हवं होतं, नाहीतर मुलगी आज नसती." मग त्या शीतलकडे वळल्या. "एक मात्र नक्की सांगते. हा आजार तू खाऊन आणलेला नाहीस. उपाशी राहून तो जाणारही नाही."

शीतलनं मान हलवली. तिला पटलं नाही हे मला दिसत होतं. लोक मला चांगलं वाटावं म्हणून बोलतात, असं तिला वाटतं.

मॅडमनी सुई बंद केली, गोळ्या बदलल्या, जेवणाच्या वेळा बांधून दिल्या. त्यांच्यामुळे ते चक्कर येऊन पडणं थांबलं. मी त्यांची ऋणी आहे. पण त्या दिवशी नांदेडहून मी लातूरची गाडी पकडली नाही. मी मुखेडची पकडली.

डॉक्टराचा दवाखाना आता तीन मजली झालाय. बाहेर बाकांवर तशाच बाया, कडेवर तशीच लेकरं. शीतलला एका बाकावर बसवून मी नंबर न लावता आत शिरले. त्यानं मला ओळखलं. म्हातारा झाला होता. "अरे, भांडेवाल्या ताई! या या. लेक काय करून राहिली? डॉक्टर झाली का न्हाई?"

मी सगळं सांगितलं. आवाज चढला असेल, बाहेरची माणसं दारात आली. तो चिडला नाही. हळू म्हणाला, "ताई, तुम्हीच म्हणायच्या ना, लांबून आले, सुई मारा, जोराचं औषध द्या?"

"म्हणत होते. गिऱ्हाईक काय बी मागतंय. माझ्याकडं बाई यायची, स्वस्त म्हणून पातळ बुडाचं पातेलं मागायची. मी सांगायचे, ह्यात दूध लागतंय, हे नेऊ नको. मी चौथी शिकलेली. तुम्हाला एवढं शिकून सांगता न्हाई आलं, की ताप आपला आपण जाईल म्हणून?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या डॉक्टराकडं गेला असता. सगळेच जातात."

हे खरं होतं. मी गेले असते. दुसऱ्या डॉक्टरनंही तेच दिलं असतं. पण म्हणून यानं खरं बोलू नये असं कुठे ठरलं होतं? खरं बोलायचं सोडून गिऱ्हाईक धरून ठेवणं, त्यालाच आम्ही बाजारात फसवणं म्हणतो.

मी म्हणाले, "शीतल बाहेर बसलीय. तिला वाटतं तिनंच स्वतःला आजारी पाडलं. माझं ऐकत न्हाई, मॅडमचं ऐकत न्हाई. तुम्ही या आणि तिला सांगा."

तो दारापर्यंत आला. बाकावर बसलेल्या शीतलकडे त्यानं बघितलं. ती खाली बघत होती. तो तिथेच थांबला. मग म्हणाला, "पेशंट खोळंबलेत, ताई," आणि माघारी गेला. पुढची बाई आत घुसली. तिच्या खांद्यावरचं लेकरू नाक वाहत असून हसत होतं. ते हसणारं लेकरू बघून कुणीही सांगितलं असतं की त्याला काही झालेलं नाही. मी तिथून निघेपर्यंत ती बाई बाटली घेऊन बाहेरही आली होती.

गाडीत शीतल म्हणाली, "माय, कामून भांडलीस? लोक बघत होते." बऱ्याच वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी लहानपणी लई हट्ट करत होते का गं त्या गोड औषधासाठी?"

पोरगी आता दोष आपल्या तान्हेपणातही शोधत होती.

याला काही वर्षं झाली. शीतल आता नांदेडला एका शाळेत शिकवते. गोळ्या वेळेवर घेते. रोज चालते. तरी रिपोर्ट जरा वाढला की तिचा चेहरा पडतो आणि ती मॅडमची माफी मागते. लग्नाची स्थळं येतात, आजार सांगितला की परत जातात. मी लपवायला तयार नाही, आणि तीही नाही. तिला फॅटी लिव्हर आहे, म्हणजे यकृतात चरबी साठते. पुढे काय, ते कुणी छातीठोक सांगत नाही.

ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. अँटिबायोटिकशी माझं वैर नाही. माझी लेक त्यावरच वाचली. न्यूमोनिया असेल तर डॉक्टर देतील ते द्या आणि सांगितलेले सगळे दिवस द्या, मध्येच थांबवू नका, उरलेलं पुढच्या वेळी काढू नका. पण साध्या सर्दीला विचारा की हे अँटिबायोटिक आहे का, आणि ते का लागतं. लेकराला धाप लागत असेल, ते पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर थांबू नका. विचारल्याचा राग येणारा डॉक्टर असेल तर बदला. औषध न देता घरी पाठवणारा डॉक्टर भेटला, तर त्याला नावं ठेवू नका. त्यानं तुमच्यासारखं गिऱ्हाईक गमावायची तयारी ठेवून खरं सांगितलंय.

आणि डॉक्टर, तुमच्यासाठी. तुमच्या बाकांवरच्या बाया हे तुम्हाला वाचून दाखवतील, याची तजवीज मी केली आहे. मला तुमच्याकडून भरपाई नको. कोर्ट नको. सगळा दोष तुमचा नाही, हेही मॅडमनी मला समजावलंय आणि मी ते मानलंय. पण जेवढा तुमचा आहे, तेवढा माझी मुलगी एकटी उचलते आहे. तुम्ही दारापर्यंत आला होतात. तिथून पुढे दहा पावलं होती. ती चालून या. तिच्यासमोर बसा, आणि तुमच्या तोंडानं तिला सांगा की जे झालं त्यात तिचा काही दोष नव्हता, लागत नसलेलं औषध तुम्ही दिलं होतं. लवकर या, तुमचं वय झालंय. यातला एक शब्दही मी कमी करून घेणार नाही.